सांगून सोडलेला करंट

काल सकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या हिराकाकूंची हाक आली, "वैशे, दसरा काढला का गं?"

बाहेरचा कोणी असता तर चक्रावलाच असता. दसरा तर अजून लांब, आणि तो काढायचा म्हणजे नेमका कुठून काढायचा? पण आमच्या वारूळवाडीत किंवा तिकडे पार निरगुडसरापर्यंत कुठल्याही बाईला विचारा, तिला बरोबर कळेल. दसरा काढायचा म्हणजे घट बसायच्या आत घरातली चिंधी न् चिंधी धुऊन काढायची. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, माळ्यावरचे डबे, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा. अख्खं घर अंगणात उन्हाला घालायचं आणि पुसून परत आत लावायचं. "निम्मा झालाय काकू," मी म्हटलं आणि बादलीत फिनेल ओतलं. वास नाकात गेला आणि माझे हात थांबले. त्या वासाबरोबर मला दरवर्षी तोच एक दसरा आठवतो. त्या वर्षी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, उजवा हात गेला होता आणि मी आमच्या शेडमध्ये रिमोटवर झुरळं चालवत होते.

हसू नका. तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पुण्यात मी ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे आम्ही जिवंत झुरळाच्या पाठीवर नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पिशवी बसवतो. तिच्या दोन बारीक तारा मानेमागच्या कवचाखाली जातात. उजवीकडून हलका करंट दिला की झुरळ डावीकडे वळतं, डावीकडून दिला की उजवीकडे. दरड कोसळली, घर बसलं, की ज्या फटीत माणसाचा हात जात नाही तिथे हे शिरेल आणि आत कोणी जिवंत आहे का ते पाठीवरच्या सेन्सरवरून आम्हाला कळेल, असा सगळा बेत. भीमाशंकरच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी राहणारी माणसं पावसाचा जोर वाढला की अंथरुणाला पाठ लावत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणून हे काम मला जिवापाड आवडतं. आईचं मत निराळं. "बाया झुरळं मारत्यात, आमची पोर त्यांना गाजर किसून घालती," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि तेही मला ऐकू जाईल अशा आवाजात.

आता ढिगाराभर फटींत सोडायची तर झुरळंही ढिगानेच लागणार, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी बसवायला माणसाचा हात पुरत नाही. हात थरथरतो, मान आखडते, डोळ्यांना धारा लागतात. म्हणून आम्ही यंत्राचा हात केला होता. झुरळाला गॅसची गुंगी द्यायची आणि साच्यात ठेवायचं. वरचा कॅमेरा कवचाची कड हुडकतो, एक दांडी ते कवच किंचित वर धरते, आणि यंत्राचा हात तारा आत सरकवून पिशवी टाचून मोकळा होतो. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. पण झुरळं काही एका मापाची नसतात, एक जाड तर एक सडपातळ, आणि दांडी कधीकधी नको तितकी दाबायची. तो दाब नीट बसवायचं काम माझ्याकडे होतं.

श्रावणात एका सकाळी टोमॅटोचं क्रेट उचलता उचलता आप्पा खाली बसले ते त्यांना उठताच येईना. अर्धांगाचा झटका. बोलणं वाचलं, पाय काठी घेऊन का होईना पण परत आला, उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "पहिले काही महिने मोलाचे. या काळात जेवढं परत येईल तेवढं आपलं. नंतर फार जड जातं." ते वाक्य आई आणि मी एकमेकींकडे न बघता ऐकलं. मी आमच्या मॅडमना फोन करून सांगितलं की मला घरी राहायलाच लागेल. त्या म्हणाल्या, यंत्र घेऊन जा, तिथेच बसव. तर अशा रीतीने टोमॅटो निवडायच्या आमच्या शेडमध्ये एका टेबलावर यंत्राचा हात आला, शेजारी झुरळांच्या पेट्या आल्या, आणि घरात आप्पांचा हात.

दोन्ही हात रोज माझ्या डोळ्यांसमोर. एक न थरथरता, न कंटाळता केसभर फटीत तार घालणारा. दुसरा जन्मभर टोमॅटो बांधलेला, द्राक्षं विरळलेली, माझी वेणीसुद्धा घातलेला, आणि आता मांडीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडलेला. मला यंत्राचा राग यायचा. यंत्राचा राग करणारी इंजिनीअर म्हणजे कठीणच, पण यायचा.

एक दिवसाआड नारायणगावातून नेहा यायची, फिजिओथेरपिस्ट. पेठेतल्या कापडदुकानदार शेठजींची मुलगी, गोड बोलायची आणि अजिबात ऐकायची नाही. तिच्याकडे एक छोटी पेटी होती. आप्पांच्या हातावर दोन चिकट पट्ट्या लावून ती बटण फिरवायची आणि मिटलेली बोटं हळूहळू उघडायची. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. आप्पा मात्र बोटांकडे न बघता पट्ट्यांच्या तारांकडे बघत होते. "आजून कर," ते म्हणाले. तेव्हा मला वाटलं, गाडी रुळावर आली.

मग पितरपाठ लागला आणि आईने दसरा काढायला घेतला. आमच्याकडे ते काम म्हणजे चढाई असते. भाद्रपदातलं ऊन नुसतं टोचतं, बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, राहिलेल्या कांद्याचा उग्र वास सगळीकडे भरलेला असतो, आणि उसाच्या कडेला बिबट्या फिरत असल्याने मीना नदीवरची धुणी दिवस मावळायच्या आत आटपून घरी यायचं असतं. म्हणून सगळी घाई. आईने घर धुवायला काढलं आणि आप्पांची खाट उचलून शेडमध्ये आणून ठेवली. दिवसभर ते तिथे पडून माझं काम बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी खुशीत होते. मी त्यांना सगळं दाखवलं. यंत्राचा हात पिशवी कशी टाचतो ते दाखवलं, मग एक झुरळ फरशीवर सोडलं. पोरांच्या खेळाला असतो तसला रिमोट हातात घेतला. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. आप्पा कोपरावर उठून बघत होते.

"हे कशानं वळतंय?"

"करंटनं. हलका असतो, आप्पा. त्याला वाटतं बाजूला काहीतरी लागलं, म्हणून ते दुसरीकडं जातं."

"त्याला म्हाईत हाय का, तू वळवती म्हणून?"

"त्याला कसं माहीत असणार?"

ते परत आडवे झाले. तेवढ्यात शेडच्या दाराशी मला एक झुरळ उताणं पडलेलं दिसलं, पाठीवर पिशवी आणि पाय हवेत चालत होते. पेटीतून निसटून उंबऱ्यापर्यंत गेलं होतं. उंबऱ्यावर पांढरी रेघ. झुरळं मारायच्या खडूची. दसरा काढताना आई घराच्या प्रत्येक उंबऱ्याला खडू ओढते, जन्मभर ओढत आलीय. तशी तिने शेडच्या उंबऱ्यालाही ओढली होती. जिथे मी झुरळं सांभाळते तिथेच. मी ओरडले. ती हातात केरसुणी घेऊन आली आणि म्हणाली, "आता ह्यात माझं काय चुकलं? सणाला उंबरा तसाच ठिवायचा?" मी रेघ ओल्या फडक्याने पुसली, घासली, परत पुसली. खडबडीत कोबा, तो खडू पुरता गेलाच नाही. फिकट झाला, एवढंच.

संध्याकाळी नेहा आली. पट्ट्या काढल्या, पेटी उघडली. आप्पांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि गोधडीखाली घातला.

"न्हाई लावायचं."

"काका, असं काय करताय? छान उघडत होती बोटं."

"उघडत व्हती, म्या न्हाई उघडली. डॉक्टरीनबाई, राग मानू नका. पण मला रिमोटवर चालवू नका. म्या झुराळ न्हाई."

नेहाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली.

त्यानंतरचे दिवस आजही आठवायला नको वाटतात. नेहा यायची, चहा घेऊन परत जायची. आप्पांची मूठ दिवसागणिक घट्ट होत चालली. बोटांची नखं तळव्यात रुतायची, म्हणून आई जुन्या लुगड्याच्या कापडाची गुंडाळी मुठीत घालून ठेवायची. डॉक्टरांचे "पहिले काही महिने" डोक्यावर टांगलेले, आणि त्यातला एकेक दिवस आमच्या डोळ्यांदेखत वाया चाललेला. समजावून झालं, रागावून झालं. आईने तर जेवण सोडायची धमकी दिली, त्यावर आप्पा म्हणाले, "सोड, दोघं मिळून सोडू." मी रात्रंदिवस एकच हिशोब करत होते: त्यांना झुरळं दाखवली नसती तर? पण दाखवली होती, आणि त्यांनी जे पाहिलं ते चूक नव्हतं. तीच तार, तोच करंट, तेच हलणं. मी त्यांना खोटं कसं पाडणार?

त्यात घट जवळ आला. आमच्याकडे घट आप्पाच पेरतात. रानातली काळी माती चाळून आणायची, पत्रावळीवर पसरायची, मधे पाण्याचा घट ठेवायचा आणि भोवती सात धान्यं उजव्या हाताने पेरायची. डावा हात देवाच्या कामाला चालत नाही, त्याबाबतीत आई कुणाचं ऐकणारी नव्हे. एका दुपारी माती चाळता चाळता तिने विचारलं, "यंदा कसं करायचं?"

"वैशी पेरंल," आप्पा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं.

मी बाहेर जाऊन पंपाच्या आडोशाला रडून घेतलं. त्यांनी हात सोडून दिला होता, आणि मला तो आवाज ऐकवत नव्हता.

शेडमध्ये माझंही काही धड चाललं नव्हतं. दसऱ्यानंतर डोंगराकडे दगडमातीच्या ढिगाऱ्यात चाचणी होती आणि माझं सगळ्यात दणकट झुरळ ऐकेनासं झालं होतं. करंट दिला तर जराशी मिशी हलवायचं आणि आपल्याच वाटेने जायचं. घट दोन-तीन दिवसांवर आला असताना एका सकाळी मी फरशीवर प्लायवूडच्या पट्ट्यांचं रिंगण करून त्याच्याशी झटत होते. आप्पा काठी टेकत आले आणि दाराजवळ उलट्या घातलेल्या क्रेटवर वाऱ्याला बसले. उंबऱ्याला अगदी खेटून. काठी डाव्या हातात, उजवा मांडीवर.

"काय म्हणतंय?"

"ऐकत नाही. बटण दाबून दाबून अंगठा दुखला."

"का ऐकंना?"

"सवय झालीय त्याला. सारखा करंट दिला की ते दुर्लक्ष करायला लागतं."

आप्पा हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले. "सरपंच हाय तुझा. निवेदन घ्यायचं आन् बाजूला ठिवायचं."

मलाही हसू आलं. मी म्हटलं, "आता ठरवलंय, याला सारखं टोचायचं नाही. जिथं अगदीच चुकेल तिथं एकदा द्यायचा, बाकी वेळ मोकळं सोडायचं. नाहीतरी चालवता कुठं येतं त्याला? गुंगीत असलं, दमलेलं असलं, तर कितीही करंट द्या, जागचं हलत नाही. आम्ही फक्त वळवतो."

"म्हंजी चालतंय त्येच."

"हो, चालतं तेच."

त्यांची नजर मांडीवरच्या हाताकडे गेली. मी लॅपटॉपवर आकडे बदलायला वळले, आणि तेवढ्यात सरपंचाने पट्ट्यांमधली फट हुडकली. मी बघितलं तेव्हा ते रिंगणाबाहेर, दाराच्या दिशेने सुटलं होतं. दारात उंबरा, उंबऱ्यावर ती फिकट रेघ. मी रिमोट उचलला, डावीकडे, परत डावीकडे. मिशीसुद्धा हलवली नाही त्याने. मधे टेबल, टेबलाखाली वायरींचं जाळं, मी अडकले.

"आप्पा, खडू!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आधी खांदा हलला. मी शपथेवर सांगते, आधी खांदाच हलला. मग कोपर मांडीवरून सरकलं आणि ती मिटलेली मूठ उंबऱ्यापाशी कोब्यावर आपटली, झुरळ आणि रेघ यांच्या बरोबर मधे. सरपंच थांबलं. त्याने मिशांनी बोटांचे सांधे चाचपले, मुठीतून बाहेर आलेली लुगड्याची चिंधी चाचपली, आणि वळून मुठीच्या कडेकडेने आत आलं. मी ते झाकणाखाली धरलं. आप्पांच्या बोटांवरचं कातडं सोललं होतं.

"हात पडला का, आप्पा? लागलं का?"

"पडला न्हाई," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती, कपाळावर घाम होता. "टाकला."

आई दारात ओल्या चादरीचा पिळा घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं, आणि चादर तिथेच मातीत सोडून ती खाली बसली. नुकती धुतलेली चादर मातीत, आणि तीही आईच्याच हातून, असं तिच्या उभ्या आयुष्यात तेव्हाच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी नेहा आली तेव्हा आप्पांनी हात स्वतःहून उशीवर ठेवला. "लावा. पण आदी सांगा, मग सोडा करंट. न सांगता सोडायचा न्हाई."

नेहा शहाणी मुलगी. ती म्हणाली, "काका, मी 'आता' म्हणेन. तेव्हा तुम्हीपण उघडायला जोर लावायचा. नुसत्या करंटनं काही होत नाही."

"म्हाईतीय," आप्पा म्हणाले. "चालायचं मीच. तुमी वळवा." आणि माझ्याकडे बघून त्यांनी एक भुवई वर केली.

घट बसला त्या दिवशी त्यांनीच पेरला. आईने सातही धान्यं त्यांच्या मुठीत भरली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते मातीवर वाकले, आणि मूठ उघडेना. देव्हाऱ्यातली समई तेवढी जळत होती, बाकी घरात हालचाल नव्हती. माझी बोटं शिवशिवत होती, जाऊन ती मूठ उलगडावी म्हणून. आईने माझा दंड धरून ठेवला. कितीतरी वेळाने करंगळीच्या बाजूने दाणे सुटायला लागले, आधी एखादा, मग धार. सगळे एकाच जागी पडले. आईने ते पसरायला हात पुढे केला, तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." नवरात्रात घट उगवला तो एका बाजूला गच्च आणि दुसऱ्या बाजूला मातीच माती. हिराकाकू दर्शनाला आल्या, म्हणाल्या, "अगं बया, ह्यो असा कसा उगवला?" आप्पा म्हणाले, "पेरला तसा."

हात काही पुरता परत आला नाही. आज ते उजव्या हाताने पेला धरतात, सदऱ्याचं बटण लागत नाही. आमची चाचणी झाली, पुढेही झाल्या, यंत्राची दांडी आता हलकी दाबते. आई प्रत्येक उंबऱ्याला खडू ओढते, शेडचा तेवढा सोडते. आणि मी झुरळाच्या पाठीवर पिशवी बसवताना दर वेळी आप्पांचा तो प्रश्न ऐकते: त्याला माहीत आहे का? आप्पा म्हणू शकले, आधी सांगा. झुरळाला मी काय सांगणार आणि कोणत्या भाषेत? ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी मी हे करते, करत राहीन. पण उत्तर मिळालं असं मला म्हणता येत नाही, आणि जे मिळालं असं म्हणतात त्यांच्याशी माझं पटत नाही.

तर काल. गोधड्या धुऊन झाल्या. भिजलेली गोधडी एकट्याने पिळता येत नाही, तिला दोन टोकांना दोन माणसं लागतात. आईचे गुडघे धरलेले, म्हणून आप्पा आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं, दोन्ही हातांनी. मी पीळ घालायला लागले तसं त्यांच्या उजव्या हातातून ते निसटायला लागलं. मी पटकन पुढे झाले आणि त्यांचं मनगट पकडलं.

"वैशे," ते म्हणाले. "आदी सांग."

मी हात मागे घेतला. गोधडीचं पाणी आमच्या दोघांच्या पायांवर गळत होतं.

"धरते हं, आप्पा."

त्यांनी थोडा दम घेतला, बोटं परत गोधडीवर आवळली.

"हां," ते म्हणाले. "आता धर."